लघवीची तक्रार आणि खाऱ्या पाण्यावरचा आळ

भातकुलीत दवाखाना टाकून बसलेल्या डॉक्टरला लघवीच्या तक्रारींचे नवल वाटत नाही. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आता पुष्कळ गावांत नळाचे पाणी पोचले असले तरी विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर आयुष्य काढलेली माणसे अजून आहेत. त्यात आपल्याकडचे ऊन. साहजिकच लघवीला आग होते, कंबरेतून कळ येते, थेंब थेंब होते म्हणून आलेला माणूस निदान घरूनच करून येतो. "डाक्टरसाहेब, खाऱ्या पान्यानं झालं हे." बरेचदा त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते, आणि डॉक्टरही मान डोलावतो. मीही डोलावत आलो आहे. एका वेळी मात्र ती मान डोलावणे महागात पडले असते. ती हकीकत आज सांगतो. मुलाची आणि त्याच्या वडिलांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मागल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा. आय.टी.आय. करून पुण्याकडे एका कंपनीत लागला होता. तीन वर्षांनी काम सुटले म्हणून घरी परतलेला. अंगाने उतरलेला. खुर्चीवर मुलगा बसला, पण बोलले वडीलच. "रात्री धा-धा डाव उठते साहेब. आग होते म्हन्ते. दिवसा बी तेच. खाऱ्या पान्यानं झालं असंन, काही गोया द्या." मी लघवी तपासून घेतली. पस सेल्स भरपूर, थोडे रक्तही होते. पाच दिवसांची नॉरफ्लॉक्सासिन, आग कमी करणारे सिरप, भरपूर पाणी पिण्याचा सल्ला. आठवड्याने दोघे परत हजर. मी गोळी बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला लघवी कल्चरला पाठवली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला की जंतू वाढले नाहीत.

इथे वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. लघवीत पस सेल्स दिसल्या की जंतूंचा संसर्ग असणार असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण पू दिसतो आणि पू करणारा जंतू काही सापडत नाही, अशी वेळ येते तेव्हा डॉक्टरने थांबून विचार करायचा असतो. अँटिबायोटिक आधीच पोटात गेले असेल तर असे होते. मुतखड्याने होते. आणि आपल्या देशात मूत्रपिंडाच्या क्षयाने होते. आम्हाला कॉलेजात सरांनी घोकून घोकून सांगितले होते की, लघवीत पू आहे आणि कल्चर कोरे आहे, तर टी.बी. नाही हे आधी सिद्ध कर. हा क्षय लघवीच्या पिशवीत उतरला की पिशवी आकसते, शेवटी शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी होते.

मुलाला सोनोग्राफीसाठी अमरावतीला पाठवले. पिशवीची भिंत जाड झालेली. शंभर मिलीदेखील लघवी मावत नव्हती. निरोगी माणसाच्या पिशवीत चारशे ते पाचशे मिली सहज मावते. दोन्ही मूत्रपिंडांवर थोडी सूज. मला वाटले, टी.बी.च. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ होता, आणि लघवीची टी.बी.साठी मशीनवर केलेली तपासणीही निगेटिव्ह आली. तरीसुद्धा खरे सांगतो, "सहा महिन्यांचा कोर्स चालू करून पाहू" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. चालू करून पाहू, हे आमच्या धंद्यातले फार सोयीचे वाक्य आहे. पेशंटला काहीतरी मिळाल्यासारखे वाटते आणि डॉक्टरला काहीतरी केल्यासारखे.

सुदैवाने मी त्याला आधी अमरावतीच्या एका युरॉलॉजिस्टकडे धाडले. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस. त्याने सोनोग्राफी पाहिली, वडिलांना फीची पावती करायला बाहेर पाठवले, दार लोटले आणि मुलाला एकच प्रश्न विचारला. "पुण्यात काय ओढत होतास?" मुलाने दोन मिनिटे जमिनीकडे पाहिले आणि मग सगळे सांगितले. खोलीवरच्या मित्रांबरोबर सुरुवात. पहिले काही महिने शनिवार-रविवार. पुढे कामावरून आल्यावर रोज. पांढरी पावडर, नाकाने. त्याचे नाव केटामाइन. गावी आल्यावर बंद झाली असेल असे तुम्हाला वाटेल, तर तीही पुण्याच्या मित्राकडून अधूनमधून येतच होती.

माझ्याकडे तो मुलगा चार वेळा आला होता. चारही वेळा मी त्याच्याविषयी त्याच्या वडिलांशी बोललो. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. तीन वर्षे तो पुण्यात होता, तिथले पाणी गोडे. लघवीचा त्रास त्याला तिथेच सुरू झाला होता. मग खाऱ्या पाण्याचा संबंध आला कुठून? पण आपल्याकडे हा आळ इतका तयार असतो की कोणी तारखा जुळवून पाहत नाही.

युरॉलॉजिस्टने फोनवर औषधाचे नाव सांगितले तेव्हा मी चमकलो ते वेगळ्या कारणाने. केटामाइन माझ्या जुन्या ओळखीचे. माझ्या पिढीच्या, ग्रामीण रुग्णालयात उमेदवारी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. भूल देणारा तज्ज्ञ चाळीस किलोमीटरवर, बॉइल्स मशीन असले तर धूळ खात पडलेले, आणि समोर गळू फोडायला आणलेले रडणारे पोर. अशा वेळी केटालारची ती छोटी बाटली देवासारखी धावून यायची. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. १९७० मध्ये तिथे त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. त्याचा मोठा गुण असा की श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, आणि वेदना थांबतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. वनखात्याचे पशुवैद्यकही वाघ-बिबटे बेशुद्ध करताना बाणातून झायलाझिनबरोबर हेच औषध देतात.

त्याचा एक अवगुणही आम्हाला तेव्हापासून ठाऊक होता. शुद्धीवर येताना पेशंट भलतेच काही पाहतो. एका आजीबाईंनी टेबलावरूनच हात जोडले होते आणि "विठ्ठल दिसला, आता मले खाली काऊन आनलं?" म्हणून मला फैलावर घेतले होते. सगळ्यांनाच विठ्ठल दिसत नाही. कोणाला आपण शरीराबाहेर तरंगतो आहोत असे वाटते, कोणी किंचाळतो. म्हणून आम्ही सोबत डायझेपाम देत असू. ज्या परिणामाला आम्ही त्रास समजून औषध देत होतो, तोच परिणाम विकत घ्यायला शहरातली पोरे पैसे मोजतात हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्यांच्या भाषेत त्याला केट म्हणतात, स्पेशल के म्हणतात, व्हिटॅमिन के सुद्धा म्हणतात. खरे व्हिटॅमिन के आपण नवजात बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून टोचतो. आयाबायांनी ते नाव ऐकून घाबरू नये.

आता मुद्द्याचे. या औषधाचा आणि लघवीच्या पिशवीचा संबंध वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळला. औषध निघून पंचेचाळीस वर्षे झाल्यावर, २००७ साली, कॅनडातील टोरोंटोच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची हकीकत छापली. सगळे नशेसाठी केटामाइन घेणारे, सगळ्यांची पिशवी आतून सोललेली, जखमा झालेली. त्याच वर्षी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दहा रुग्णांची माहिती दिली, आणि पुढच्या वर्षी एकोणसाठ रुग्णांची. हाँगकाँगमध्ये त्याआधी काही वर्षे नाचगाण्याच्या पार्ट्यांतून केटामाइन फार स्वस्तात पसरले होते. त्या एकोणसाठ जणांपैकी निम्म्याहून किंचित जास्त लोकांच्या एका वा दोन्ही मूत्रपिंडांवर सूज आढळली. ही सारी तरुण मंडळी. ज्या वयात आम्ही प्रोस्टेटचा विचारही करत नाही, त्या वयात दर पंधरा-वीस मिनिटांनी संडासाकडे धावणारी.

मग आम्ही भुलीसाठी दिले त्यांचे काय झाले? काही नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, नाहीतर उद्या कोणी ऑपरेशनच्या टेबलावर केटामाइन नको म्हणून अडून बसेल. एकदा, दोनदा योग्य मात्रेत दिलेल्या भुलीने हा आजार होत नाही. तो होतो आठवड्यातून अनेकदा, महिनोन् महिने, मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना. लवकर न कळण्याचे कारणही हेच. दवाखान्यात कोणी रोज भूल घेत नव्हता.

कसे होते तेही पाहू. पोटात किंवा नाकातून गेलेले केटामाइन शरीरात मोडले जाते, आणि त्याचे अंश मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतात. ती लघवी पिशवीत दोन-तीन तास साठून राहते. पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असते. लघवीसारखा तिखट पदार्थ आतल्या मांसाला लागू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. केटामाइनचे अंश रोज त्या अस्तरावर साचत राहिले की ते झिजते, त्याला जखमा होतात. नेमके कसे यावर अजून संशोधन चालू आहे, पण हा थेट विषारी परिणाम असावा असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात. जखमेवर जखम झाली की भिंत जाड आणि ताठ होते. फुग्यासारखी ताणणारी पिशवी चामड्याच्या बटव्यासारखी होते. मग लघवी मागे वर दाटते, मूत्रनलिका अरुंद होतात, आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

यात सर्वांत वाईट भाग वेगळाच आहे. केटामाइन मुळात वेदनाशामक आहे. लघवीची आग आणि ओटीपोटातली कळ सहन होईना की पोरगा पुन्हा पावडर ओढतो. कळ थांबते. तासा-दोन तासांनी तीच पावडर लघवीतून पिशवीत येऊन बसते. आमच्या पेशंटने मला हेच सांगितले. "काका, दुखते म्हणून घेत होतो, नशा तर केव्हाचीच येत नव्हती." त्याला कोणी सांगितलेच नव्हते की दुखते ते त्यानेच. मित्रांनी सांगितले नाही, आणि ज्याने सांगायचे त्या डॉक्टरने नॉरफ्लॉक्सासिन लिहून दिली.

हा माल पुण्यात येतो कुठून, हा प्रश्न वडिलांनी मला विचारला. नेमका त्याचा कुठून आला ते मला ठाऊक नाही, आणि ते शोधणे माझे काम नाही. पण आपला देश या औषधाचा मोठा उत्पादक. मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर आग्नेय आशियाकडे चोरून जाणारे केटामाइन वर्षानुवर्षे पकडले जात होते. हाँगकाँगचे डॉक्टर एकोणसाठ रुग्ण मोजत होते त्या काळात आपल्याकडे या गोष्टीकडे तस्करीची एक बातमी म्हणूनच पाहिले गेले. २०११ साली भारत सरकारने केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. पुढे ते शेड्यूल एक्समध्ये गेले. म्हणजे चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत औषध दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. तरी जून २०१८ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले औद्योगिक वसाहतीतून महसूल गुप्तचर संचालनालयाने शंभर किलोहून अधिक केटामाइन जप्त केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर ते आपल्या आणखी जवळ आले. छत्रपती संभाजीनगरात छापे पडले आणि पैठण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून मेफेड्रोनबरोबर चार किलोहून अधिक केटामाइन सापडले. मेफेड्रोन म्हणजे पोरे ज्याला एमडी म्हणतात ते. एकाच कारखान्यात दोन्ही पदार्थ सापडतात, तेव्हा पुडीत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येईल असे मला वाटत नाही. "मी फक्त एमडी घेतो" असे म्हणणाऱ्याच्या पिशवीलाही धोका असू शकतो.

या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. किती किलो, किती कोटींचा माल, किती आरोपी, पोलिसांबरोबर मांडलेल्या पुड्यांचा फोटो. माझी तक्रार अशी की त्यात एक ओळही नसते की हा पदार्थ माणसाच्या शरीराचे काय करतो. कोटींचा आकडा वाचून एखाद्या बेकार पोराला धंदा सुचेल, भीती वाटणार नाही. त्याऐवजी "पंचविशीत लघवीची पिशवी जाते" एवढे छापले तरी काम होईल. मृत्यूच्या बातमीनेही ते होत नाही. मॅथ्यू पेरी हा अमेरिकेतील विनोदी नट २०२३ मध्ये केटामाइनच्या परिणामाने गेला, जगभर गवगवा झाला. पण मरणाची भीती त्या वयात कोणाला असते? चारचौघांत पँट ओली होण्याची भीती मात्र असते.

कायदा आणखी कडक करा अशी मागणी यावर नेहमी होते. त्यातही तारतम्य हवे. २०१५ साली चीनने केटामाइनवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याची मागणी केली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला. गरीब देशांच्या खेड्यापाड्यांत भूल द्यायला दुसरे काही नाही, निर्बंधांच्या कागदपत्रांत तेही मिळेनासे होईल, असे तिचे म्हणणे होते. मी ग्रामीण रुग्णालयात राहिलेला माणूस, मला ते पटते. चोरट्या कारखान्यावर छापा जरूर घाला, पण मेळघाटातल्या सिझेरियनसाठी बाटली उपलब्ध राहू द्या.

आपल्या तालुक्यात या आजाराची साथ आली आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्याकडे असा पेशंट एकच. पण आपल्या गावांतून पुणे-मुंबईला, गोव्याच्या हॉटेलांत पोरे आता घराघरांतून जातात आणि आजारी पडली की परत आपल्याकडेच येतात. तेव्हा विशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी सतत लघवीला जाते, रात्री पुनःपुन्हा उठते, ओटीपोट दुखते, लघवीतून रक्त जाते, दोन अँटिबायोटिकनी फरक पडत नाही आणि कल्चर कोरे येते, असे दिसले तर तिसरी अँटिबायोटिक मागू नका. सोनोग्राफी करा. टी.बी.ची तपासणी करा, ती आपल्याकडे चुकवून चालणार नाही. मुतखडा पाहा. आणि हे सगळे पाहत असताना त्या पोराशी कोणीतरी एकट्याने बोलले पाहिजे.

हे शेवटचे काम आपल्याकडे सर्वांत अवघड. आमच्या दवाखान्यात पेशंटबरोबर तिघे आत येतात. बाप बोलतो, माय मधेच दुरुस्ती करते, मोठा भाऊ मोबाइलमध्ये जुने रिपोर्ट शोधतो, आणि पेशंट भिंतीवरचे कॅलेंडर पाहतो. पंचवीस वर्षांच्या मुलालाही आपण स्वतःचे दुखणे स्वतः सांगू देत नाही. आईबापांना माझी विनंती आहे की डॉक्टरने बाहेर थांबा म्हटले तर राग मानू नका. आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो, गर्दी मलाही असते, कापसाच्या दिवसांत तर बाकावर जागा उरत नाही. तरी तरुण पेशंटसाठी दार लोटून पाच मिनिटे काढा. प्रश्न आरोपासारखा विचारू नका. "पुण्याला असताना पावडर वगैरे काही?" इतके सहज विचारले तरी पोर बोलते. आम्ही तंबाखूबद्दल विचारतो, दारूबद्दल विचारतो, त्यापुढे आमची जीभ रेटत नाही.

पोलिसांची भीती हे गप्प बसण्याचे दुसरे कारण. पेशंटने डॉक्टरला विश्वासाने सांगितलेले व्यसन डॉक्टरने पोटात ठेवायचे असते. शिवाय अमली पदार्थविरोधी कायद्यातच चौसष्ट-अ असे एक कलम आहे. जो माणूस विकणारा नाही, फक्त व्यसनी आहे आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला येतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा टोल फ्री क्रमांक आहे. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवण्यापेक्षा मोबाइलमध्ये ठेवा, कारण पोराच्या नजरेस पडेल अशा जागी तो चिकटवणे म्हणजे पुन्हा भांडणाला निमित्त.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिले आणि खरे औषध एकच, पावडर कायमची बंद. ती चालू असेल तर बाकी सर्व पाण्यात. ती बंद केल्यावर वेदना आणि वारंवारता कमी करणाऱ्या गोळ्या, पिशवीत नळीने सोडायची अस्तराला आधार देणारी औषधे, काहींना पिशवीत बोट्युलिनमची इंजेक्शने, असे उपाय आहेत. भिंत पार ताठ झाली असेल तर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करण्याचे मोठे ऑपरेशन करावे लागते, आणि तरीही पोरगा पुन्हा ओढू लागला तर तेही वाया जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत, वर्षभरात केटामाइन घेतलेल्या साडेबाराशेहून अधिक लोकांपैकी एक चतुर्थांशाहून अधिकांना लघवीची काही ना काही तक्रार होती. ज्यांनी नंतर सोडले त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांना बरे वाटू लागले, बिघडले फारच थोड्यांचे. म्हणजे वेळेवर थांबणाऱ्याला आशा बरीच आहे, पण हमी नाही. मी त्या मुलालाही हेच शब्द सांगितले, आणि तेव्हा वडील बाहेर होते.

वडिलांना त्याने स्वतः सांगितले, आठ दिवसांनी, शेतात. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात आले आणि बराच वेळ बाकावर बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर म्हणाले, "मारलं नाई साहेब. हात उचलला होता, पन त्याले लघवी लागली." मग ते रडले. मी पाणी दिले. त्यानंतर महिन्यातून एकदा अमरावतीला मानसोपचारतज्ज्ञाकडे आणि युरॉलॉजिस्टकडे असे दोन्ही खेटे तेच मुलाला घेऊन घालत आहेत. मधे एकदा त्याचा पाय घसरला होता, पुण्याहून मित्र आला होता. तेही त्याने लपवले नाही.

परवा दोघे आले होते. मूत्रपिंडांवरची सूज उतरली आहे. पिशवीत आता पावणेदोनशे मिलीपर्यंत मावते. दिवसा दोन तास निघतात, रात्री तीनदा उठतो. भातकुलीहून अमरावतीला एस.टी.ने जाताना आता मधे उतरावे लागत नाही, हे त्याने मला दोनदा सांगितले. भिंतीची जाडी अजून आहे, ती कितपत जाईल ते पुढच्या सोनोग्राफीत दिसेल. उठताना वडिलांनी विचारले, "मंग साहेब, पान्याचा काहीच संबंध नव्हता म्हना." मी म्हटले, नव्हता. ते म्हणाले, "म्या तर बारा हजाराचा फिल्टर बसवला." असू द्या म्हटले, तुमच्या मुतखड्याला कामी येईल.